चाकांवरची चूल

आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या उन्हाळ्यांत बारा-तेरा माणसें बसतील अशी एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर विकत घेतली. पूर्वीं ती शाळेच्या मुलांची ने-आण करीत असे. स्नेही नुकतेच सेवानिवृत्त झालेले, मुलें परदेशीं. उरलेलें आयुष्य हिंडण्यांत घालवावें, आणि तेंही हॉटेलांच्या दारांत ताटकळत न बसतां, असा त्यांचा संकल्प होता. धुळ्याच्या एका गॅरेजांत त्यांनीं आंतील बांकें काढविलीं, निजण्याची सोय केली, पडदे लाविले. आणि मग स्वयंपाकाच्या ओट्यापाशीं येऊन काम अडलें. ओटा डाव्या अंगास घ्यावा कीं मागें, शेगडी गॅसची असावी कीं विजेची, पाण्याची टांकी वर ठेवावी कीं खालीं, याचा खल महिनाभर चालला. आम्ही पडलों इतिहासाचे शिक्षक. ओट्याच्या लांबी-रुंदीशीं आमचा संबंध काय? तरीही संध्याकाळीं फिरावयास गेलों कीं पाय गॅरेजाकडे वळत. तो वाद ऐकतां ऐकतां आमच्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न आमच्या स्नेह्यांचा एकट्याचा नाहीं. खानदेशांतून चार शतकें जे जे म्हणून गेले, त्या सर्वांस तो सोडवावा लागला. आणि बहुतेकांनीं त्याचें एकच उत्तर दिलें आहे. तें असें कीं, स्वयंपाकघर खुशाल गाडींत न्यावें, पण चूल जमिनीवरच मांडावी. या उत्तराला अपवाद केव्हां झाला व त्याची किंमत काय पडली, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

खानदेश हा प्रांत मूळचाच वाटेवरचा. सुरतेच्या बंदरांत उतरलेला माल आणि माणूस आग्र्याकडे जावयाचा तर नवापूर, नंदुरबार करीत तापीच्या खोऱ्यानें बऱ्हाणपुरास पोंचे, व तेथून उत्तरेस वळे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरांत याच वाटेनें बऱ्हाणपुरास गेला. 1630 सालीं पीटर मंडी गेला तेव्हां गुजरात-दक्षिणेंतील महादुष्काळ सुरू झालेला होता. वाटेवर पडलेलीं प्रेतें त्यानें पाहिलीं आणि लिहून ठेविलीं. अशा वर्षीं प्रवाशानें बरोबर नेलेलें पीठ हा सोयीचा विषय राहत नाहीं. त्यानंतर फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये अनेकदां या मार्गानें गेला. त्याचा प्रवासवृत्तांत 1676 सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांत नवापूरच्या तांदुळाची स्तुति आहे. बारीक दाण्याचा तो तांदूळ शिजला म्हणजे कस्तुरीसारखा वास येतो, असें तो म्हणतो. जवाहिऱ्याच्या लक्षांत तांदुळाचा वास राहावा, यावरून मुक्कामावरची चूल प्रवाशाच्या मनांत केवढी जागा व्यापते तें दिसतें.

ताव्हेर्नियेनेंच वणजाऱ्यांचें वर्णन केलें आहे. त्यांच्या चार जाति व चार जिन्नस: धान्य, तांदूळ, कडधान्यें आणि मीठ. दहा-बारा हजार बैलांचा तांडा रस्त्यास लागला म्हणजे दुसऱ्या प्रवाशांना कधीं कधीं दोन-तीन दिवस खोळंबून राहावें लागे. या लोकांचें घरच चालतें होतें, पण त्याला चाक नव्हतें. सगळा संसार बैलाच्या पाठीवर. पाठीवरच्या संसाराचा एक कडक नियम असतो. जें फुटतें तें नको, जें एकाच कामाचें तेंही नको. कांबळें हेंच अंथरूण आणि हेंच बैलाच्या पाठीवरचें मऊ आस्तरण. गोणी हेंच कोठार आणि मुक्कामावर रचली म्हणजे हीच भिंत. त्या भिंतीच्या आडोशाला वाऱ्यापासून जपलेली चूल. आजच्या कॅराव्हॅनमध्यें एका फळीस तीन कामें लावणारे कारागीर नवीन कांहीं करीत आहेत असें आम्हांला वाटत नाहीं.

बादशहाचें मात्र निराळें. मोगल छावणीच्या दोन प्रती असत. एकींत बादशहाचा मुक्काम आणि दुसरी, जिला पेशखाना म्हणत, ती एक मजल पुढें. बर्नियेनें औरंगजेबाच्या काश्मीरच्या प्रवासांत ही व्यवस्था पाहिली. 1681 सालीं औरंगजेब बऱ्हाणपुरास उतरला तेव्हां खानदेशानेंही ती पाहिली असली पाहिजे. हीच युक्ति पुढें इंग्रज कलेक्टरांनीं उचलली. हिंवाळ्यांत साहेब फिरतीवर निघाला कीं तंबूंचा एक संच रात्रींच बैलगाड्यांतून पुढें जाई, म्हणजे सकाळीं घोड्यावरून उतरतांच न्याहारी तयार. त्या न्याहारीमागें बबर्जीची जी कारागिरी असे ती थोर होती. पातेल्याच्या झांकणावर निखारे रचून केलेली भट्टी, मातीचे दोन उंचवटे करून त्यांवर टाकलेली लोखंडी पट्टी, आणि रॉकेल या देशांत आल्यानंतर त्याचा चौकोनी पत्र्याचा डबा. हा डबा कापून चूल होई, आडवा ठेवून पाव भाजण्याची पेटी होई, दांडी लावून बादली होई. मद्रासेकडील केनी-हर्बर्ट नांवाच्या एका लष्करी अंमलदारानें ‘वायव्हर्न’ या टोपणनांवानें 1878 सालीं पाककृतींचें पुस्तक लिहिलें. त्यांत छावणींतल्या स्वयंपाकावर स्वतंत्र प्रकरण आहे. साहेबानें पुस्तक लिहिलें, डबे कापणाऱ्याचें नांव मात्र कोणी लिहून ठेविलें नाहीं.

आतां बैलगाडीकडे येतों, कारण आमचा खरा ओढा तिच्याकडे आहे. आमच्या लहानपणीं सारंगखेड्याच्या यात्रेस गाड्या जात. दत्तजयंतीच्या सुमारास तापीच्या काठीं भरणारा तो बाजार घोड्यांसाठीं प्रसिद्ध. तेव्हां तें गांव धुळे जिल्ह्यांत मोडे, 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यांत गेलें. आमच्या आजोळची गाडी दोन मुक्काम करून पोंचे. सुतारानें गाडी केली ती कापूस, कडबा व शेणखत वाहण्यासाठीं. तींत स्वयंपाकाला म्हणून त्यानें एक खुंटीही ठोकलेली नव्हती. जें कांहीं केलें तें घरच्या माणसांनीं. आजीनें कमानीला शिंकें बांधलेलें असे व त्यांत दह्याचें मडकें. गाडी कितीही आदळली तरी शिंकें आपलें झुलून धक्का पचवी आणि दहीं मोडत नसे. पाण्याची घागर कडब्याच्या चुंबळींत रुतवून आंखाच्या बरोबर वर ठेवीत. मागें सरकली तर गाडी उलार होते, पुढें सरकली तर बैलांच्या मानेवर भार येतो, हें आजोबांनीं आम्हांला त्या घागरीवरूनच शिकविलें. काटवटींत पीठ मळावयाचें आणि तीच पालथी घालून डब्यांवर झांकण करावयाचें. गाडीच्या पोटाखालीं तरटाची झोळी टांगलेली, तींत गोवऱ्या आणि सरपण.

अमेरिकेंत 1866 सालीं चार्ल्स गुडनाइट नांवाच्या गुराखी व्यापाऱ्यानें लष्करांतून निघालेली एक जुनी गाडी घेतली व तिच्या मागच्या अंगास कप्प्यांची पेटी बसविली. पेटीचें दार बिजागऱ्यांवर खालीं उघडलें कीं तेंच स्वयंपाक्याचें मेज. त्या गाड्यांच्या पोटाखालींही कातड्याची झोळी असे आणि तींत वाळलेलें शेण व लाकडें भरलेलीं असत. सारंगखेड्याच्या वाटेवरची आमची आजी व टेक्सासचा तो गृहस्थ यांना एकमेकांचा सुगावाही नव्हता. पण बैल दोहोंकडे सारखाच, धक्का सारखाच, आणि भूकही. म्हणून झोळीही सारखीच निघाली. गुडनाइटनेंसुद्धां चूल गाडींत घेतली नाहीं. जाळ गाडीपासून दूर, जमिनींत खळगा करून.

आमच्याकडे दूर कां, याचें कारण स्पष्ट आहे. गाडींत कडबा, आणि जळगांवच्या बाजाराला निघालेली असेल तर कापूस. एक ठिणगी पडली तर वर्षाचें उत्पन्न पेटावयाचें. म्हणून कापसाचे गाडीवान गाड्या सोडून, वाऱ्याची दिशा पाहून, बऱ्याच अंतरावर चूल मांडीत. खानदेशच्या प्रवासी जेवणाचें रूपही यांतूनच बनलें, असें आम्हांला पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. बट्टीला भांडें लागत नाहीं. जाड कणकेचा गोळा गोवरीच्या आरांत पुरला कीं काम झालें. भरताचें वांगें कापसाच्या काड्यांवर भाजतें; ठेंच्याला एक दगड पुरतो. उलट खापरावरचे मांडे घरचे ते घरचेच राहिले, कारण तें पालथें खापर गाडीच्या हिसक्यांत टिकावयाचें कसें? आमची आजी यात्रेंत कोणी मांडे केल्याचें ऐकलें तर, ‘खापर कोठून आणलें?’ हें आधीं विचारी.

येथें एक गोष्ट गोड आठवणींच्या ओघांत झांकली जाऊं नये. चालत्या स्वयंपाकघराचा पुष्कळसा व्याप सोंवळ्यासाठीं होता. परक्याच्या हातचें खावयाचें नाहीं, म्हणून वाण्याकडून शिधा घ्यावयाचा, तीन दगड मांडावयाचे, जागा सारवावयाची आणि ओल्या धोतरानें पिठलें ढवळावयाचें. आगगाडी आल्यावर डब्यांत जाळ करण्याची बंदी झाली, तेव्हां दुधांत कणीक भिजवून केलेल्या दशम्या पुढें आल्या. दुधांतल्या पदार्थाला ओंवळें नाहीं असा शास्त्रार्थ निघाला आणि भुसावळच्या पलीकडे जाणाऱ्यांची पोटें भरलीं. ज्यांच्या स्पर्शाचा हा सारा विटाळ मानला गेला, त्यांनाही प्रवासांत स्वयंपाक बरोबर न्यावा लागे. पण त्याचें कारण अगदीं उलटें होतें. 1901 सालीं बाळ आंबेडकर व त्यांचीं भावंडें वडिलांना भेटण्यासाठीं बैलगाडींतून गोरेगांवीं निघालीं. त्यांच्याजवळ अन्न होतें, पण वाटेंत पिण्याचें पाणी कोणी दिलें नाहीं, आणि पाण्यावांचून तें अन्न तसेंच राहिलें. स्वतः बाबासाहेबांनीं हें लिहून ठेविलें आहे. पुढें 1929 सालीं धुळ्याहून परततांना आमच्याच खानदेशांत, चाळीसगांवीं, त्यांना टांगेवाल्यांनीं नेण्याचें नाकारलें. जातभाईंपैकीं एकानें, ज्याला टांगा हांकण्याची संवय नव्हती, टांगा हांकला व अपघात झाला. प्रवासी स्वयंपाकघराची मांडणी कोणी विचारली तर आम्ही पहिली जागा पाण्याच्या भांड्याला देतों ती उगीच नव्हे. ज्याला वाटेवरची विहीर मोकळी आहे त्याच्या टांकीचें माप वेगळें, आणि ज्याला ती बंद आहे त्याचें वेगळें.

चूल जमीन सोडून वर चढली ती रॉकेलच्या जोरावर. पाश्चात्त्य देशांत हौशी प्रवाशांनीं हा प्रयोग लवकर केला. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरनें 1885 सालीं घोड्यांनीं ओढावयाची एक ऐटबाज घरगाडी बांधवून घेतली व तींत रॉकेलची चूल बसविली. 1892 सालीं स्वीडनमध्यें लिंडक्विस्टनें प्रायमस स्टोव्ह काढला. धूर नाहीं, राख नाहीं, पंप मारला कीं निळा जाळ! हा स्टोव्ह आपल्याकडे आला आणि पाहतां पाहतां फळीवर, पेटींत, बिऱ्हाडांत शिरला. 1910 च्या सुमारास कलकत्त्यास इंदुमाधव मल्लिक यांनीं इकमिक कुकर तयार केला. खालीं कोळसे, वर एकावर एक डबे, आणि भात, वरण, भाजी एकदम वाफेवर. प्रवासी व एकटा राहणारा यांच्यासाठीं याहून शहाणी वस्तु त्या काळीं झाली नाहीं. धुळ्यांतच आयुष्याचा शेवट झालेले इतिहासाचार्य राजवाडे दप्तरें शोधीत गांवोगांव हिंडत आणि स्वतःच्या हातानें रांधून खात. त्यांच्या खंडांत लढायांचा पत्रव्यवहार विपुल आहे. त्यांच्या तव्याविषयीं कोणी खंड काढला नाहीं.

मोटारींचा काळ आल्यावर मात्र जुना नियम सैल होऊं लागला. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपुराकडे जाणारा रस्ता धुळ्यास एकमेकांस छेदतात. त्या तिठ्यावर रात्रीं उभें राहिलें म्हणजे ट्रकवाल्यांचीं स्वयंपाकघरें पाहावयास मिळतात. सांगाड्याच्या बाजूस बोल्टांनीं बसविलेली लोखंडी पेटी, तिच्यांत पातेलीं, पोळपाट, लसणीची पिशवी. शेजारीं पाण्याचा नळ लावलेला डबा. कारखान्यानें यांतलें कांहीं दिलेलें नसतें. शहाणा ड्रायव्हर शेगडी खालीं उतरवून चाकाच्या आडोशाला पेटवितो. पाऊस आला किंवा थंडी पडली कीं तीच शेगडी केबिनमध्यें जाते, कांचा वर होतात. बंद केबिनमधला जाळ श्वास कोंडावयास पुरेसा असतो. यात्रेच्या बसगाड्यांचेंही तसेंच. आचारी, किराणा, सिलिंडर आणि मोठीं पातेलीं पोटाखालच्या कप्प्यांत घालून काशी-रामेश्वर करणाऱ्या या बसगाड्या आमच्या प्रांताची खरी घरगाडीच होत. जोंवर चूल धर्मशाळेच्या अंगणांत पेटत होती तोंवर त्या निर्धोक होत्या. चूल आंत गेली कीं काय होतें, तें 26 ऑगस्ट 1923 ला नव्हे, शंभर वर्षांनीं, 26 ऑगस्ट 2023 रोजीं मदुरेस दिसलें. लखनौहून यात्रेकरूंसाठीं खास घेतलेला रेल्वेचा डबा स्थानकाजवळ उभा होता. नियम मोडून आंत नेलेल्या सिलिंडरवर पहांटे चहा ठेवतांना आग लागली आणि नऊ माणसें गेलीं. शंभर वर्षांपूर्वींच्या प्रवाशानें डब्यांत दशमी खाल्ली असती.

गॅरेजांतल्या वादांत हें सर्व आम्हीं बोलून दाखविलें नाहीं. मिस्त्रीच्या कामांत व्याख्यान देणें बरें नव्हे. मिस्त्री शहाणा होता. त्यानें सांगितलें कीं, गॅस हवेहून जड. गळला तर वर जात नाहीं, तळाशीं साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या अगदीं तळाला बाहेर उघडणारें भोंक ठेवलेंच पाहिजे. स्नेह्यांना विजेची शेगडी हवी होती. हिशेब केला तेव्हां निघालें कीं, दोन हजार वॅटांची शेगडी बारा व्होल्टांच्या बॅटरीवर चालवावयाची तर जवळजवळ पावणेदोनशें अँपिअरचा प्रवाह ओढला जाणार. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी अर्ध्या तासांत बसणार. डाळ शिजेल, भाकरी राहील! पाण्याच्या टांकीचा वाद आजोबांच्या घागरीनें सुटला. साठ लिटरांची टांकी म्हणजे साठ किलो वजन, तें छपराखालीं ठेवलें तर वळणावर गाडी झोंकांडी खाते. तेव्हां टांकी खालीं, आंखाजवळ. गाडींत असे फेरफार करावयाचे तर परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. तिचे कागद महिनाभर फिरले. महाराष्ट्र सरकारनें 2021 सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे खरें, पण धोरणाला ओटा नसतो.

शेवटीं निकाल वहिनींनीं दिला. त्या एके दिवशीं गॅरेजांत आल्या, आंत बसल्या, दारें लावावयास सांगितलें आणि जणूं फोडणी देत आहोंत अशा आविर्भावानें हात हालविला. ‘खानदेशी काळ्या मसाल्याची भाजी येथें केली तर रात्रभर ठसका लागेल, आणि गादीला आठवडाभर वास येईल. वैशाखांत तर आंत उभेंही राहवणार नाहीं. चूल बाहेर न्या.’ मिस्त्रीनें डोकें खाजविलें आणि दोन दिवसांनीं मागच्या दाराशीं एक लांब खण बसविला. दार उघडून तो ओढला कीं शेगडीसह बाहेर येतो, एक पाय खालीं टेकतो. स्वयंपाक करणारी जमिनीवर उभी राहते. वाऱ्यासाठीं तेलाचा पंधरा किलोचा डबा कापून तीन बाजूंचा आडोसा केला. गुडनाइटची पेटी आणि बबर्जीचा डबा धुळ्याच्या गॅरेजांत एकत्र आले, आणि तें कोणाला ठाऊकही नव्हतें.

दिवाळीनंतर स्नेह्यांनीं पहिली फेरी सुरतेकडे काढली व आम्हांलाही बरोबर घेतलें. विसरवाडीच्या पुढें, नवापूरच्या अलीकडे, एका झाडाखालीं खण ओढून चहा ठेविला. थोड्याच वेळांत एक ट्रक येऊन थांबला. बारडोलीकडच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडावयास निघालेलीं माणसें होतीं. पिढ्यान्‌पिढ्या धुळे-नंदुरबारकडून हीं कुटुंबें याच वाटेनें जातात, समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनीं त्यांच्यावर सविस्तर लिहिलें आहे. ताव्हेर्निये सुरतेहून इकडे आला. हीं इकडून सुरतेच्या बाजूस जातात. बायकांनीं उतरून तीन दगड मांडले. ट्रकांत पिठाच्या गोण्या, पत्र्याची चूल, कोंबड्या, बांबू, आणि त्यांच्यावर मुलें. आमचा खण पाहावयास एक मध्यमवयाची बाई आली. तिनें शेगडीकडे फारसें पाहिलें नाहीं. वांकून टांकीचा नळ पाहिला आणि पाणी किती दिवस पुरतें तें विचारलें. दोन दिवस, असें वहिनींनीं सांगितलें. आमच्या पडावावर पाणी लांबून आणावें लागतें, असें ती म्हणाली. उसाच्या फडावर पहांटे जावयाचें, म्हणून पाणी त्याआधीं. सहा महिने तें असेंच. वहिनींनीं तिची कळशी आमच्या नळाखालीं धरली. ती भरेपर्यंत दोघी कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालावे यावर बोलत होत्या.

त्यांचा ट्रक आमच्याआधीं निघाला. सर्वांत वरच्या गोणीला सुतळीनें तवा बांधलेला होता, आणि वळणापलीकडे गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो बांबूवर आपटत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.